पहिली चूल

"आम्हाला एक शब्द पाहिजे," समोरचे जाड भिंगांच्या चष्म्याचे गृहस्थ म्हणाले. "चांगला वजनदार. दगडावर शोभंल असा."

बेहेरेसरांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. शब्दकोशाच्या आमच्या कार्यालयात नाना तऱ्हेची माणसं येत. कुणाला आपल्या आडनावाचा अर्थ हवा असे, कुणाला नातीसाठी नाव, आणि शब्दकोड्याचं बक्षीस हुकलेले एक पेन्शनर तर दर आठवड्याला भांडायला येत. पण असं टोपी काढून, पिशवीतले दोन नारळ टेबलावर ठेवून, दुकानात आल्यासारखं शब्द मागायला आजवर कुणी आलं नव्हतं.

चष्मेवाले सर्जेराव उतेकर, नव्या उंबळ्याचे सरपंच. त्यांच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र धोतरात बसलेले बाबूराव शेलार, तिथल्या दूध डेअरीचे चेअरमन. जुनं उंबळे डोंगरातलं, ते धरणात बुडालं. सरकारनं लोकांना उचलून खाली माळावर जमिनी दिल्या, आणि तिथे नवं उंबळे वसलं. त्याला आता पंचवीस वर्षं होत होती. होळीच्या पटांगणात गाव एक दगड बसवणार होतं. ज्यानं गाव वसवलं त्याचं नाव त्याच्यावर कोरायचं आणि नावाखाली त्याला काय म्हणायचं तेही.

"संस्थापक लिहा की," सर म्हणाले.

"झालं!" शेलार खूश झाले. "तेच मी म्हणतोय. माझ्या वडलांनी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या म्हणून गावाला जमीन मिळाली."

"ते मागनं," उतेकर म्हणाले. "आधी तान्हूबाई आली."

"आली कसली? तिला उतरवली!"

"उतरवली तर उतरवली. पहिली चूल कुणाची पेटली?"

"चूल तर कुणीबी पेटवतंय!"

सरांनी दोन्ही हात वर केले. "या तान्हूबाई आहेत कोण? हयात आहेत?"

"हाय की. तीच तर पंचाईत हाय," उतेकर म्हणाले. "ती कशालाच हो म्हणंना. संस्थापिका म्हटलं, नको. शाळेतल्या गुरुजींनी द्रष्टी सुचवलं, तर हसली आन् आत निघून गेली. आता होळी तोंडावर आली, पाथरवट घडवलेला दगड म्होरं घेऊन बसलाय. तिनं हो म्हटलं न्हाई तर बाबूरावांच्या वडलांचं नाव घालायचं, असं ठरलंय." त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "साहेब, त्या बाईला उभ्या गावानं खुळी म्हटलंय. वर्सानुवर्सं. त्यात माझी आई सगळ्यांच्या म्होरं. एकदा तरी तिला नीट नावानं हाक मारावी, एवढंच माझं म्हणणं."

शेलार टेबलावरचे नारळ सरळ करू लागले. खुळी म्हणणाऱ्यांत तेही असावेत.

आमच्या कोशाचं काम तेव्हा 'प'च्या शेवटाला आलं होतं. माझ्या टेबलावर नेमकं 'प्रवर्तक'चं कार्ड होतं. मी सव्वीस वर्षांची होते, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला नेमका शब्द असतो, तो फक्त शोधता आला पाहिजे, अशी माझी खात्री होती. ही खात्री फार ताठ मानेची असते.

"शब्द असा परस्पर देता येत नाही," मी मध्येच बोलले. "त्या बाईंनी नेमकं काय केलं ते कळलं, तरच शब्द सांगता येईल."

"मग तुम्हीच जाऊन या ना," बेहेरेसर म्हणाले. बहुधा त्यांना ते दोघं लवकर खोलीबाहेर जायला हवे होते.

अशी मी दुसऱ्या दिवशी एस. टी.त उतेकर आणि शेलार यांच्या मधोमध बसून नव्या उंबळ्याला निघाले. पिशवीत कार्डं होती: आद्य, अग्रणी, प्रवर्तक, संस्थापक, द्रष्टा. 'मूळपुरुष' मी घरीच ठेवलं होतं. बाईला मूळपुरुष म्हटलं असतं तर गावानं मलाही खुळ्यात काढलं असतं.

वाटेत एका कानात उतेकर सांगत होते आणि दुसऱ्या कानात शेलार. दोघांची हकिगत एकच होती, पण ऐकताना ती दोन गावांची वाटत होती. धीर धरून जुळवत गेले तेव्हा ती अशी झाली.

धरणाचं पाणी चढायला लागल्यावर जुन्या उंबळ्यातून ट्रक निघाले. पहिल्या ट्रकात तान्हूबाई आणि तिचा नवरा धोंडिबा सपकाळ होते, सोबत भांडीकुंडी आणि चुलीचे दगड. सरकारनं दिलेली जमीन कालव्याच्या काठाला होती, तिथे खुंट्या मारून ठेवल्या होत्या. पण ट्रक अलीकडेच, उंचावरच्या बोडक्या माळावर फसला. ड्रायव्हर वैतागला. त्यानं सामान तिथेच एका बाभळीखाली उतरवलं. धोंडिबा बायकोला तिथे बसवून, हलका होऊन निघालेल्या त्याच ट्रकातून मागे गेला. देवाचा तांदळा, म्हणजे पूजेतला शेंदरी दगड, आणि म्हैस आणायची राहिली होती.

तान्हूबाईनं चूल मांडली. संध्याकाळी मागचे ट्रक आले, ते धूर बघून. धूर आहे म्हणजे गाव इथेच, असं समजून सगळ्यांनी तिथेच सामान उतरवलं, तिच्याच चुलीतला विस्तव नेऊन आपापल्या चुली पेटवल्या, आणि भाकरी खाऊन झोपले. सकाळी अधिकारी आला. त्यानं कपाळाला हात लावला. तुमची जागा ही नव्हे, ती तिकडे खाली!

"मग हलला का नाहीत?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहात मीठ का घालत नाही असं विचारलं होतं.

"बाई, पेटली चूल हलवत न्हाईत," उतेकर म्हणाले. "आमच्या डोंगरातली रीत हाय ती. नव्या जागेत पहिला विस्तव जिथं पडतो, तिथं पांढरी, तिथंच गाव. ती चूल जिनं मांडली तिनं उचलली तरच उचलायची. आन् तान्हूबाई जागची हलंना. अधिकारी ओरडला, आमच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. 'मला हितं बसवून गेल्यात,' येवढंच म्हणायची."

"धोंडिबा परत आला नाही?"

"म्हैस आली," शेलार म्हणाले. "तांदळा आला. तो न्हाई आला."

"म्हणजे काय झालं त्यांचं?"

"पाण्यात गेला म्हणतात."

"कुणी म्हणतं मुंबईला गिरणीत दिसला," उतेकर म्हणाले. "कुणी म्हणतं पार कोकणात उतरला. खरं कुणालाच ठावं न्हाई."

म्हणजे कालव्याचं पाणी खालच्या जमिनीला, आणि गाव वर कोरड्या माळावर. बायका घागरी घेऊन दिवसभर चढउतार करायच्या, आणि प्रत्येक खेपेला तान्हूबाईच्या नावानं बोटं मोडायच्या. खुळी, पाय पांढरे, गाव बुडवलं हिनं. पुढे मात्र उलटंच झालं. कालव्याच्या बारमाही पाण्यानं खालची जमीन फुगली, चोपण झाली. मीठ वर आलं, घरांच्या भिंती तडकल्या. तिथे खाली वसलेल्या दुसऱ्या गावाचे लोक घरं सोडून वर यायला लागले. नवं उंबळे तेवढं कोरडं, घट्ट आणि सुखरूप राहिलं. खुळी गेली आणि तिच्या जागी द्रष्टी आली. बाई तीच होती, चूलही तीच होती.

माझा गोंधळ तिथेच सुरू झाला. हिनं गाव वसवलं म्हणावं, तर ती नुसती बसली होती. नाही म्हणावं, तर तिच्या बसण्याभोवतीच गाव उभं राहिलं होतं. चुकीच्या जागी बसून बरोबर जागा सापडली, याला प्रवर्तन म्हणायचं की अपघात? माझ्या कार्डांत या दोहोंच्या मधला शब्द नव्हता.

तान्हूबाईचं घर पटांगणाच्या कडेला होतं. कौलारू, दोन खणांचं, अंगण शेणानं सारवलेलं. ती चुलीपुढे बसून जाळ सारखा करत होती. पलीकडे फळीवर गॅसची शेगडी होती, प्लास्टिकच्या कव्हरासकट.

"पुतण्यानं आणली," मी बघतेय हे पाहून ती म्हणाली. "चा करायला बरी. पर रातच्याला तिच्यात विस्तव पुरून ठेवता येत न्हाई." रोज रात्री ती निखारे राखेत पुरते आणि सकाळी त्यातूनच चूल पेटवते, हे मला उतेकरांनी आधीच सांगितलं होतं. गावची होळीही दरवर्षी याच चुलीतल्या विस्तवानं पेटायची. तिला नावं ठेवण्याच्या काळातसुद्धा हा मान कुणी तिच्याकडून काढून घेतला नव्हता. शिव्या द्यायच्या आणि विस्तव मात्र हिच्याकडूनच न्यायचा, हे फक्त याच माणसांना जमू शकतं.

तिचं कपाळ मी तेव्हा पाहिलं. पांढऱ्या केसांखाली रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या.

"बस गं बाई. पुण्याची का तू? कुनाच्या घरची?"

मी शरयू, आपट्यांची, अजून लग्न नाही, असं सगळं सांगावं लागलं. मग मी कार्डं बाहेर काढली. उतेकर आणि शेलार दारातच उभे राहिले. आत यायचं धाडस दोघांनाही होत नव्हतं.

"मावशी, गावाला तुमचं नाव दगडावर लिहायचंय. तुम्ही नको का म्हणता?"

"नावाला न्हाई म्हणत न्हाई. नावाखाली काय लिवतात ते मला समजत न्हाई. समजल्याबिगर हो कसं म्हणू?"

हे अगदी रास्त होतं. कोशाच्या कार्यालयातही आम्ही याच तत्त्वावर पगार घेत होतो. मी पहिलं कार्ड उचललं.

"संस्थापिका. म्हणजे जिनं ठरवून एखादी गोष्ट उभी केली."

"मी काय ठरवलंवतं? मी बसले व्हते." तिनं लाकूड आत सारलं. "म्होरं."

"प्रवर्तक. म्हणजे जिच्यामुळे एखादी गोष्ट सुरू होते आणि पुढे चालू राहते."

"तिच्याबिगर?"

"म्हणजे?"

"चालू ऱ्हाते ती तिच्याबिगर का?"

मी कार्ड पुन्हा वाचलं. "हो, तसंच म्हणायचं. सुरू करणारं माणूस गेलं तरी काम पुढे चालतं."

"मग ते मेल्या मानसाचं हाय. नको."

दारातून शेलार खाकरले. मी तिसरं कार्ड काढलं. "अग्रणी. म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारी."

"चालले कुठं? मला ट्रकातनं आनलं."

"द्रष्टी. म्हणजे जिला पुढचं दिसतं. गावाला वाटतं, तुम्हाला आधीच कळलं होतं की खालची जमीन खराब होणार."

यावर ती हसली. आवाज न करता, खांदे हलवत. मग डोळ्याला पदर लावला, तो धुरामुळे की कशामुळे, मला कळलं नाही.

"फुडचं दिसत असतं," ती म्हणाली, "तर त्यांना त्या ट्रकात परत बसू दिलं असतं व्हय मी?"

माझ्या हातात कार्ड तसंच राहिलं. नेमक्या शब्दाची ती माझी ताठ मान तिथे त्या चुलीपुढे खाली गेली, आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

"जाताना म्हनले," ती जाळाकडे बघत सांगू लागली, "'तू हितं चूल पेटव. धुरावर येतो मी. मी येईस्तवर विझू देऊ नको, न्हाईतर या माळावर मला कळायचं न्हाई कुठं यायचं ते.' डोंगरातलं मानूस ते. डोंगर असला की वाट सापडतीय. माळावर समदीकडं सारखंच. मग मी कशी हलवू चूल? त्यो साहेब म्हनला, खाली चल. ह्ये आले आन् चूल जाग्यावर नसली तर?"

बाहेर उतेकरांनी चष्मा काढला. पंचवीस वर्षं गावानं तिच्या न हलण्याला आधी खूळ म्हटलं आणि नंतर दूरदृष्टी, पण ती कशासाठी थांबलीय, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. शेलार जमिनीकडे बघत होते.

"मावशी, मग तुमचं म्हणणं काय? काहीच नको का लिहायला?"

"तसं न्हाई." ती जरा पुढे सरकली. आवाज खाली आणला. "त्यो पाथरवट आलावता. म्हनला, नावाच्या आधी काय घालू, सौ. का श्रीमती? सरपंच म्हनले, श्रीमती घाल. मला ठावं हाय श्रीमती कुनाला लिवतात. तवापासनं मी न्हाई म्हनतीय. नावाखालचं काय बी लिवा. पर दगडावर एकदा कोरलं म्हंजे झालं की. मग त्यांनी येऊन वाचलं तर?"

उतेकर दारातच गोरेमोरे झाले. "मला वाटलं, आता इतकी वर्सं..." ते पुटपुटले आणि थांबले.

म्हणजे इतके दिवस सगळं गाव, शाळेतले गुरुजी, आमचे बेहेरेसर आणि मी नावाखालच्या शब्दासाठी डोकं फोडत होतो, आणि ती अडली होती नावाच्या आधीच्या शब्दाला. 'सौ.' घाला म्हणावं, तर तेही तिला नको होतं. "त्ये आले न्हाईत ते काय मला दिसत न्हाई?" असं ती म्हणाली. म्हणजे तिला ठाऊक होतं, की नव्हतं? ती थांबली होती, की थांबायचं सोडायला घाबरत होती? मला तेव्हा कळलं नाही. आज इतक्या वर्षांनीही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

"नावाआधी काहीच नको," मी म्हणाले. "नुसतं तान्हूबाई."

"चालंल?"

"का नाही चालणार?"

"आन् खाली?"

माझ्याजवळ एकच कार्ड उरलं होतं, 'आद्य'. ते मी पुढे केलंच नाही. "पहिली," मी म्हणाले. "इथे पहिली आली, एवढंच."

तिनं चुलीतली राख पुढे ओढली. मग म्हणाली, "पहिली म्हनलं, की मागनं कुनीतरी यायचं असतं. व्हय ना?"

"हो," मी म्हणाले. "मागनं कुणी येणार असेल तरच कुणी पहिली होते."

"मग तेच लिवा." तिनं चूल फुंकली. "तेवढं बराबर हाय."

होळीच्या दिवशी मी तिथेच होते. दगडावर एकच ओळ होती: 'इथे पहिली आली तान्हूबाई.' खाली रिकामी जागा बरीच उरली होती. पाथरवट म्हणाला, मापात चूक झाली, दुसऱ्या ओळीसाठी जागा ठेवली होती. तान्हूबाई म्हणाली, राहू दे. मग तिनं तव्यावर निखारे आणले आणि होळी पेटवली. सगळं गाव बोंबलत होतं. ती तेवढी होळीकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभी होती, आणि धूर सरळ वर जातोय ना, हे मान वर करून बघत होती.

कार्यालयात परतल्यावर बेहेरेसरांनी विचारलं, "कुठला शब्द दिलात शेवटी?"

"पहिली."

"एवढंच? यासाठी एस. टी.चं भाडं?" सर म्हणाले आणि 'प्रवर्तक'चं कार्ड मागू लागले.

पुढे किती वर्षांनी कोण जाणे, पण कोशाचा शेवटचा खंड निघाला त्या सुमारास उतेकरांचा फोन आला. आवाज थकलेला होता. तान्हूबाई गेली, म्हणाले. झोपेतच. आदल्या रात्री विस्तव पुरून ठेवला होता.

मला एकच गोष्ट विचारायची होती, पण धीर होत नव्हता. शेवटी त्यांनीच सांगितलं.

"हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून, ओटी भरून नेली बाई. सवाष्णीसारखी. लोक गोळा झालेवते. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघत व्हती, कसं करायचं म्हणून. कुणी तोंड उघडंना. तेवढ्यात एकजण तालुक्याला जाऊन लुगडं घेऊन आला, तिच्या उशाशी ठेवलं, आन् बायकांस्नी म्हणाला, नेसवा. मग कुणी काय विचारलंच न्हाई."

"कोण?"

"बाबूराव शेलार."

मग मी विचारलं, "आणि चूल?"

"हाय की," उतेकर म्हणाले. "माझी सून रोज विस्तव पुरती. इझवायची कशी? मागनं कुणी आलं तर?"